सात मशीन्स, सात कोरी घरं: दूरच्या कॉम्प्युटरकडून विंडोजची माहिती येत नाही तेव्हा

शुक्रवारी सकाळी साडेनऊला भोसरीतल्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटरांची यादी उघडली, तर चाळीसेक नावांपैकी सातांसमोर ‘ऑपरेटिंग सिस्टिम’चं घर कोरं होतं. आदल्या दिवशी गुरुवार. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी आणि देखभालीसाठी लाईट जाण्याचा दिवस. बुधवारपर्यंत हीच सात मशीन्स नीट उत्तर देत होती.

स्टोअरमधल्या काकांना फोन लावला. ते म्हणाले, “सर, टॅली चालू आहे, मेल येतायत, प्रिंट निघतेय. मग अडलंय कुठे?”

प्रश्न बरोबर होता. अडलं होतं ते असं: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कुठलं मशीन बदलायचं, कुठल्याला विंडोज ११ पेलेल, कुठल्यावर सुरक्षेचे अपडेट आलेच नाहीत, हे सगळं त्या एका घरातल्या नोंदीवरून ठरतं. ज्याचं घर कोरं, ते यादीतून निसटतं आणि नेटवर्कवर मात्र तसंच चालू राहतं. म्हणून कोरं घर दिसलं की मी ते त्याच दिवशी भरून घेतो.

त्या सात मशीन्सच्या निमित्ताने माझा शोधाचा क्रम इथे मांडतो. आज्ञा आणि एरर कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना त्यांचं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं. कोडच्या आधीचं ‘शून्य एक्स’ गाळलं आहे.

आधी रस्ता समजून घ्या

यादी बनवणारं सॉफ्टवेअर कुठलंही असो, विंडोजच्या मशीनला ते बहुतेक वेळा डब्ल्यूएमआयमार्फत (मशीनची माहिती देणारी विंडोजमधलीच यंत्रणा) विचारतं: ‘सिलेक्ट स्टार फ्रॉम विन३२_ऑपरेटिंगसिस्टिम’. हा क्लास (माहितीचा एक प्रकार) ‘रूट\सिमव्ही२’ या नेमस्पेसमध्ये (अशा प्रकारांच्या कप्प्यात) असतो. इतकी साधी क्वेरी (विचारणा) चुकायला जागाच नसते. ती अडते वाटेत.

वाट समजायला आपली एखादी मोठी सोसायटी डोळ्यांसमोर आणा. गेटवर वॉचमन बसलेला आहे. तो म्हणजे पोर्ट १३५ (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरायचं क्रमांकाचं दार). तुम्ही त्याला कुणाकडे जायचं ते सांगता आणि तो फ्लॅटचा नंबर देतो. विंडोज व्हिस्टापासून पुढे हा नंबर ४९१५२ ते ६५५३५ यांमधला कुठलाही असू शकतो आणि तो बदलता असतो. मग फ्लॅटच्या दाराशी ओळख विचारतात, म्हणजे डीकॉमची (दुसऱ्या मशीनकडून दुरून काम करवून घ्यायची विंडोजची जुनी पद्धत) परवानगी. आत गेल्यावर कुठल्या खोलीत जायची मुभा आहे ते पाहतात, म्हणजे नेमस्पेसची परवानगी. आणि शेवटी खोलीतला माणूस कपाटातून कागद काढून देतो. तो माणूस म्हणजे प्रोव्हायडर (माहिती आणून देणारा विंडोजचा भाग), कपाट म्हणजे रिपॉझिटरी (डब्ल्यूएमआयच्या नोंदींचा साठा).

इंटरनेटवरचे बहुतेक उपाय थेट कपाट फोडायला सांगतात. माझ्या अनुभवात कपाटाचा दोष सर्वांत कमी वेळा निघतो, आणि फोडल्यावर नुकसान मात्र सर्वांत जास्त होतं. म्हणून गेटपासून सुरुवात करायची.

पहिली पायरी: त्याच मशीनवर विचारून पाहा

अर्धा गुंता या एका चाचणीत सुटतो. मशीनवर बसून केलेल्या क्वेरीला उत्तर आलं तर डब्ल्यूएमआय ठणठणीत आहे, दोष वाटेत आहे. तिथेही उत्तर नाही आलं, तर फायरवॉल-पासवर्डच्या मागे लागू नका.

पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) उघडून ‘गेट-सिमइन्स्टन्स विन३२_ऑपरेटिंगसिस्टिम’ हे पुरतं. समोर तंत्रज्ञ नसेल तर फोनवरून डब्ल्यूबीईएमटेस्ट हे डब्ल्यूएमआय तपासायचं साधन जास्त सोपं जातं. हे विंडोजसोबतच येतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. काकांशी माझं असं बोलणं झालं:

“काका, विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा.”

“दाबलं. छोटी खिडकी आली.”

“त्यात मी सांगतो ती अक्षरं टाका, एंटर करा. आता वर उजवीकडे ‘कनेक्ट’ दाबा. पहिल्या ओळीत ‘रूट, सिमव्ही टू’ लिहिलेलं दिसतंय?”

“दिसतंय.”

“पुन्हा कनेक्ट. आता बाकीची बटणं उजळली असतील, त्यातलं ‘क्वेरी’ दाबा.”

सगळं नीट असेल तर क्वेरी दिल्यावर एकच ओळ येते, तिची सुरुवात क्लासच्या नावाने होते. काकांच्या मशीनवर ही ओळ आलीच नाही. एरर आला, शेवटचे आकडे १०१०. तो कागदावर लिहून ठेवायला सांगितला आणि आधी बाकीच्या सहांकडे वळलो, कारण ती सहाही मशीन्स जागेवर विचारल्यावर नीट सांगत होती.

दुसरी पायरी: कोड कुठून आलाय ते ओळखा

‘फेल्ड’ एवढंच वाचून पुढे जाऊ नका. पूर्ण कोड उतरवून घ्या. त्याची सुरुवातच पुष्कळ सांगते.

८००७ ने सुरू होणारा कोड विंडोजचा सर्वसाधारण एरर असतो. बहुतेकदा तुम्ही अजून दाराबाहेर आहात असा त्याचा अर्थ. शेवटची चार अक्षरं सोळाच्या पायावरून दहाच्या पायावर आणली की विंडोजचा जुना एरर नंबर मिळतो. ८००७०६बीए मधलं ०६बीए म्हणजे १७२२. ‘नेट हेल्पएमएसजी १७२२’ टाका, उत्तर येतं: आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल, म्हणजे समोरच्या मशीनशी संपर्कच झाला नाही. तसंच ०४२२ म्हणजे १०५८, सर्व्हिस डिसेबल केलेली आहे.

८००४१ ने सुरू होणारा कोड मात्र डब्ल्यूएमआय स्वतः देतं. म्हणजे तुम्ही दाराच्या आत पोचलात. ८००४१००३ आला तर नेमस्पेसची परवानगी नाही. ८००४१००ई म्हणजे नेमस्पेसच सापडली नाही, आणि हा बहुतेक वेळा टाइप करतानाच्या चुकीचा असतो. ८००४१०१० म्हणजे क्लास सापडत नाही, ८००४१०१३ म्हणजे प्रोव्हायडर लोड होत नाही.

एकाच ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ची दोन रूपं नीट वेगळी ओळखा. ८००७०००५ असेल तर डीकॉमच्या दाराशी अडलात, ८००४१००३ असेल तर आतल्या खोलीशी. दोन्हींचे उपाय वेगळ्या खिडक्यांत आहेत, आणि हा फरक न पाहता लोक तासन्‌तास चुकीची खिडकी उघडून बसतात.

तिसरी पायरी: समोर खरंच तेच मशीन आहे का?

सातपैकी दोन मशीन्सचा कोड ८००७०६बीए होता, पिंग मात्र सुरळीत. पिंग येतोय म्हणजे मशीन चालू आहे, असं आपण धरून चालतो. आयपी पत्ता घेऊन राउटरची यादी पाहिली तेव्हा कळलं की एका पत्त्यावर आता हजेरीचं पंचिंग मशीन बसलंय आणि दुसऱ्यावर डिस्पॅचचा प्रिंटर. लाईट आल्यावर सगळ्यांनी नव्याने पत्ते घेतले होते, डीएनएसमध्ये (मशीनच्या नावावरून पत्ता सांगणारी यादी) जुनीच नोंद राहिली होती. प्रिंटर पिंगला उत्तर देतो, पण त्याच्याकडे विंडोजच नाही तर तो सांगणार काय?

म्हणून ‘एनएसलुकअप’ला मशीनचं नाव देऊन पत्ता घ्या आणि तो पत्ता त्या मशीनच्या ‘आयपीकॉन्फिग’शी ताडून पाहा. वेगळा निघाला तर मशीनवर ‘आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस’ आणि आपल्या बाजूला ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’.

याच पायरीवर घड्याळही बघून घ्या. डोमेनमध्ये, म्हणजे एका मुख्य सर्व्हरने सगळी खाती सांभाळलेल्या नेटवर्कमध्ये, कर्बेरॉस ही ओळख तपासायची पद्धत चालते आणि तिला दोन्ही बाजूंच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नाही. मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला असेल तर रोज काही जाणवत नाही, कारण प्लगमधून वीज येतच असते. गुरुवारी दिवसभर लाईट गेली की ते मशीन शुक्रवारी जुन्या तारखेत उठतं. तिसऱ्या मशीनचं हेच झालं होतं. ‘डब्ल्यू३२टीएम /रीसिंक’ने वेळ जुळवली आणि सीआर२०३२ सेल बदलायला सांगितला. सेल बदलल्याशिवाय हे काम संपलं असं समजू नका, नाहीतर पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

चौथी पायरी: गेट आणि त्यामागचा जिना

‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला मशीनचं नाव आणि ‘-पोर्ट १३५’ द्या. शेवटच्या ओळीत ‘टीसीपीटेस्टसक्सीडेड’पुढे ट्रू की फॉल्स, एवढंच बघायचं.

फॉल्स आलं तर सर्वांत आधी त्या मशीनचं नेटवर्क प्रोफाइल पाहा: ‘गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल’. आमच्या दोन मशीन्सवर डोमेनऐवजी ‘पब्लिक’ दिसलं. लाईट आली तेव्हा ती दोन्ही मशीन्स लगेच उठली आणि डोमेनचा सर्व्हर अजून उठत होता. सर्व्हर सापडला नाही म्हणून विंडोजने नेटवर्क अनोळखी धरलं आणि फायरवॉल आवळली. नेटवर्क अडॅप्टर एकदा डिसेबल करून परत इनेबल केलं, प्रोफाइल डोमेनवर आलं, क्वेरी चालली. फायरवॉलला हातही लावावा लागला नाही.

प्रोफाइल बरोबर असूनही गेट बंद असेल, तर फायरवॉलमधला ‘विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन’ हा नियमांचा तयार गट चालू करा. तो डोमेन आणि प्रायव्हेट या प्रोफाइलपुरताच ठेवा. फिरत्या सेल्सच्या लॅपटॉपवर पब्लिकसाठी हे दार उघडं ठेवणं म्हणजे डेक्कनवरच्या कॅफेतल्या वायफायवर ते सगळ्यांना उघडं ठेवणं. आणि चाचणीपुरती का होईना, फायरवॉल पूर्ण बंद करू नका. ती परत चालू करायची राहून जाते, हे मी दुसऱ्या ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय.

आता अवघड प्रकार. १३५ ट्रू आहे, तरीही ०६बीए येतो. म्हणजे वॉचमनने फ्लॅट नंबर दिला, पण जिन्याचं दार बंद आहे. ऑफिस कर्वे रोडला, प्लांट चाकणला आणि मध्ये व्हीपीएन, अशा रचनेत हे हमखास होतं, कारण मधल्या फायरवॉलवर कुणीतरी फक्त १३५ उघडलेलं असतं आणि ४९१५२ च्या पुढचे हजारो पोर्ट उघडायला कुणी तयार नसतं. त्यांचं बरोबरच आहे.

इथे दोन मार्ग. डब्ल्यूएमआयला एकच ठरलेला पोर्ट देता येतो: अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘विनएमजीएमटी /स्टँडअलोनहोस्ट’, मग विनएमजीएमटी सर्व्हिस बंद करून चालू. ठरीव पोर्ट २४१५८. १३५ सोबत तोही उघडायचा. जुनी रचना परत हवी असेल तर ‘/शेअर्डहोस्ट’. दुसरा मार्ग विनआरएमचा (विंडोज मशीनला दुरून विचारायची नवी पद्धत), आणि मला तोच पटतो. त्याला ५९८५ हा एकच पोर्ट लागतो, सर्टिफिकेट लावलं तर ५९८६. मशीनवर ‘इनेबल-पीएसरिमोटिंग’, आपल्याकडून ‘टेस्ट-डब्ल्यूएसमॅन’, झालं.

जाता जाता एक गोष्ट. जुनं ‘गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट’ डीकॉमने जातं आणि नवं ‘गेट-सिमइन्स्टन्स’ला कॉम्प्युटरचं नाव दिलं की ते विनआरएमने जातं. एक चालतं आणि दुसरं नाही, यात गूढ काही नाही. दोघांची गेटंच वेगळी आहेत. सिमइन्स्टन्सला मुद्दाम डीकॉमने पाठवायचं असेल तर ‘न्यू-सिमसेशनऑप्शन -प्रोटोकॉल डीकॉम’ वापरून सेशन बनवा.

पाचवी पायरी: ओळख आणि परवानगी

सहावं मशीन डोमेनमध्ये नव्हतंच. कुणाच्या तरी घाईत वर्कग्रुपवर राहिलेलं, त्यावरचं अ‍ॅडमिन खातं बिनपासवर्डचं. जागेवर क्वेरी चालायची, दुरून ८००७०००५.

छोट्या ऑफिसात हे फार आढळतं. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज दुरून आत घेतच नाही. पिन तर फक्त त्या मशीनसमोर बसल्यावर चालतो, तो नेटवर्कवरून पासवर्डच्या जागी टाकू नका. पासवर्ड ठेवला, तरी नकार कायम. कारण स्थानिक अ‍ॅडमिन खातं नेटवर्कवरून आलं की यूएसी (हक्कांवर लगाम ठेवणारी विंडोजची सोय) त्याचे अ‍ॅडमिनचे हक्क काढून ठेवतं.

यावर ‘लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी’ या रजिस्ट्री नोंदीत १ टाका असा सल्ला सर्रास मिळतो. चालतो तो. पण सगळ्या मशीन्सवर एकच अ‍ॅडमिन पासवर्ड असेल, तर एक मशीन फुटल्यावर बाकीची सगळी त्याच किल्लीने उघडतात. मी ते मशीन डोमेनमध्ये आणलं. तशी सोय नसेल तर फक्त वाचण्यापुरतं वेगळं खातं बनवा. ते ‘डिस्ट्रिब्युटेड कॉम यूझर्स’ गटात घाला. हे झालं दार. मग ‘डब्ल्यूएमआयएमजीएमटी.एमएससी’ उघडा, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, रूट, सिमव्ही२, आणि त्या खात्यापुढे ‘इनेबल अकाउंट’ व ‘रिमोट इनेबल’वर खूण करा, ही झाली खोली. अशा खात्याला ऑपरेटिंग सिस्टिमची माहिती मिळते, पण ‘विन३२_सर्व्हिस’ विचारलं तर नकार येऊ शकतो. सर्व्हिसेसची परवानगी वेगळी असते.

परवानग्या सगळ्या बरोबर, पासवर्ड बरोबर, तरीही नकार, आणि विचारणारं सॉफ्टवेअर जुनं? मग समोरच्या मशीनच्या सिस्टिम लॉगमध्ये डिस्ट्रिब्युटेडकॉमचा १००३६ नंबरचा इव्हेंट शोधा. मायक्रोसॉफ्टने डीकॉमची सुरक्षा टप्प्याटप्प्याने कडक केली: जून २०२१ ला सुरुवात, १४ जून २०२२ पासून ती आपोआप लागू, आणि १४ मार्च २०२३ च्या अपडेटनंतर ती बंद करायची सोयच उरली नाही. १००३६ दिसला तर समोरच्या मशीनवर काही बदलू नका. दोष विचारणाऱ्याचा आहे. त्याला अपडेट करा.

तसंच तुमची स्क्रिप्ट ‘डब्ल्यूएमआयसी’ या डब्ल्यूएमआयला विचारायच्या जुन्या साधनावर चालत असेल, तर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ते साधन आपोआप येत नाही. स्क्रिप्ट कोरी परतते आणि संशय मशीनवर जातो.

सहावी पायरी: आता कपाट

इथवर आल्यावर उरलं काकांचं मशीन. ते जागेवरच ८००४१०१० देत होतं.

आधी सर्व्हिस चालू आहे का ते ‘एससी क्वेरी विनएमजीएमटी’ने पाहिलं. चालू होती. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डब्ल्यूएमआय-अ‍ॅक्टिव्हिटी, ऑपरेशनल. तिथे ५८५८ नंबरच्या नोंदीत कुठली क्वेरी अडली, कुठल्या प्रोसेसने केली आणि रिझल्टकोड काय, हे तिन्ही मिळतं. एखादं दुसरंच सॉफ्टवेअर डब्ल्यूएमआयला वेठीस धरत असेल तर तेही इथे उघडं पडतं. विशेषतः ‘विन३२_प्रॉडक्ट’ विचारणारं कुणी असेल तर ते थांबवा. ती क्वेरी नुसती यादी देत नाही, प्रत्येक एमएसआय पॅकेजची (इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरची) तपासणी सुरू करते.

मग अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमध्ये ‘विनएमजीएमटी /व्हेरिफायरिपॉझिटरी’. उत्तर ‘कन्सिस्टंट’ आलं तर रिपॉझिटरीला हात लावायचं कारण नाही. अशा वेळी ‘विंडोज\सिस्टिम३२\डब्ल्यूबीईएम’ फोल्डरमध्ये जाऊन ‘मॉफकॉम्प सिमविन३२.मॉफ’ आणि त्यामागून ‘मॉफकॉम्प सिमविन३२.एमएफएल’ (ही फाइल तिथल्याच ‘एन-यूएस’सारख्या भाषेच्या उपफोल्डरमध्ये असते) चालवा, म्हणजे क्लासची व्याख्या पुन्हा नोंदली जाते. ८००४१०१३ असेल तर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ने सिस्टिमच्या फायली तपासा.

काकांकडे ‘इनकन्सिस्टंट’ आलं. त्या मशीनचा यूपीएस महिनाभर बंद पडलेला होता आणि लाईट गेली तेव्हा मशीन चालूच होतं. मी आधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घेतला, मग ‘विनएमजीएमटी /साल्व्हेजरिपॉझिटरी’. ही आज्ञा रिपॉझिटरी नव्याने बांधते आणि जुन्यातलं वाचता येईल तेवढं त्यात घेते. मशीन रीस्टार्ट केलं, पुन्हा व्हेरिफाय केलं, ‘कन्सिस्टंट’ आलं.

‘/रीसेटरिपॉझिटरी’ त्याच्याही नंतरची आहे. ती विंडोज बसवतानाच्या स्थितीला नेते, आणि अँटीव्हायरस, बॅकअप, डेटाबेस यांनी स्वतःच्या केलेल्या नोंदी जाऊ शकतात. त्या पुन्हा आणायला ती सॉफ्टवेअर दुरुस्त करावी लागतात. सर्व्हरवर तर ही आज्ञा त्या सॉफ्टवेअरच्या जाणकाराला विचारल्याशिवाय चालवूच नका. आणि रिपॉझिटरी फोल्डर हाताने डिलीट करायची कृती कुठे वाचली असेल तर ती विसरा.

शेवटची चाचणी

आपल्या अ‍ॅडमिन खात्याने डब्ल्यूबीईएमटेस्टमध्ये उत्तर आलं म्हणून फाइल बंद करू नका. ज्या सर्व्हरवरून, ज्या खात्याने, ज्या सॉफ्टवेअरने यादी बनते, तिथूनच पुन्हा विचारा. आलेलं उत्तरही नीट वाचा: व्हर्जन ‘१०.०’ विंडोज ११ सुद्धा सांगतं. बिल्ड नंबर बघायचा. २२००० आणि त्यापुढचा असेल तर ते ११.

दुपारी पावणेतीनला सातवं घर भरलं. काकांच्या मशीनचा बिल्ड निघाला १९०४५, म्हणजे विंडोज १० ची शेवटची आवृत्ती. त्यांना फोन करून सांगितलं की यूपीएसची बॅटरी आजच मागवा, आणि मशीनचं नाव बदलायच्या यादीत सगळ्यांत वर टाकलंय.